शेवटचा हात

प्रिय चिंगी,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. तुझ्या आईचा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण त्याचं ती तुला फोनवर सविस्तर सांगतेच. कागदावर लिहितोय कारण फोन माझ्या हातात आला की तू विचारतेस, बरं आहे ना बाबा, मी म्हणतो, बरं आहे, आणि तू म्हणतेस, द्या आईकडे. तेरा वर्षं आपलं असंच चाललंय. तुला वाटत असेल, बाबांच्या ते लक्षातही येत नाही. येतं गं. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती नीट सांगता आली तर आपल्यातलं हे अवघडलेपण जाईल, नाही आली तर आहे तेवढंही बोलणं बंद होईल. तेव्हा जरा दमानं वाच. मी दोन आठवडे वैतागलेलो आहे, आणि वैतागलो की मला सरळ बोलता येत नाही हे तुला माहीत आहे.

वैतागाचं कारण आपला कप्तान. आपल्या गंज पलटणीचा. आठवतो ना? मेलेल्या चंद्रावर खाणी खोदणारी, चिलखतं गंजलेली फौज, तू आणि मी मिळून बनवलेली, एकेक शिपाई बोटाच्या दोन पेरांएवढा. कप्तानाचं धड विकतच्या एका संचातलं, डोकं दुसऱ्या संचातलं, उजवा हात खेळण्यातल्या क्रेनचा, पाठीवरची टाकी पेनाच्या टोपणाची आणि तिची नळी म्हणजे बॉलपेनची स्प्रिंग. आणि तो ज्या गुलाबी खडकावर उभा आहे तो माझ्या दातांच्या लॅबमधल्या फुटक्या कवळीचा तुकडा, हे आपल्या छोट्या पुतळ्यांच्या क्लबात अजून एकालाही ठाऊक नाही. परग्रहावरचा दगड इतका खरा कसा जमला म्हणून लोक विचारायचे आणि आपण दोघं एकमेकांकडे बघून गप्प बसायचो. तर त्या क्लबाला आता पंचवीस वर्षं होताहेत. घड्याळजी अजूनही चिटणीस आहेत आणि अजूनही अर्धा दिवस घड्याळांच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसतात. त्यांनी फोन करून सांगितलं की आजवरच्या स्पर्धांत छोट्या गटात पहिली आलेली सगळी कामं प्रदर्शनात मांडायची आहेत, तुमच्या मुलीचा कप्तान काढून ठेवा.

काढला. जोड्यांच्या कपाटात वरच्या फळीवर होता, बुटाच्या खोक्यात. खांद्यावरचा रंग टवका जाऊन उडालेला, नाकावरचा घासला गेलेला, आणि सगळ्या अंगावर चिकट धूळ. म्हटलं, एवढंच ना, एका दुपारचं काम. डोंबलाचं एका दुपारचं काम! तो मातकट नारिंगी रंग आता मिळतच नाही. दुकानदारानं छाती ठोकून दिलेली नवी बाटली लावली तर खांद्यावर टोमॅटो फुटल्यासारखं दिसायला लागलं. ते लपवायला शेजारी गंज चढवला, तर तो गंज बाकीच्या गंजाहून ताजा दिसायला लागला. म्हणून चिलखत सगळंच थोडं थोडं मळवलं, तर चेहरा उगाच उजळ वाटायला लागला. चष्मा, त्यावर भिंग, वर दोन दिवे, आणि तरी नाकाचा शेंडा दिसेना. स्प्रिंग तुटली. नवी चिकटवताना माझी दोन बोटं एकमेकांना चिकटली, ती तशीच धरून मी आईला हाक मारली, तर ती दारात उभी राहून पोट धरून हसली आणि म्हणाली की तुमच्या त्या बाहुल्यानं शेवटी तुम्हालाच पकडलं. मला मुळीच हसू आलं नाही.

खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. टवके उडालेला कप्तान तसाच नेऊन ठेवला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण माझा स्वभाव तुला माहीत आहे, तुझ्याइतका कुणालाच माहीत नसेल. लॅबमधून एकही कवळी माझा शेवटचा हात फिरल्याशिवाय बाहेर जात नाही. बत्तीस वर्षांचा शिरस्ता आहे. कामाला असलेल्या दोघी बायका माझ्याहून सफाईदार काम करतात, डोळे त्यांचे तरुण आहेत, तरी प्रत्येक कवळी माझ्या टेबलावर येते आणि मी कुठेतरी जरासं घासतोच. परवा त्यातली थोरली मला सरळ म्हणाली की तुम्ही घासलेलं मी पुन्हा नीट करून मगच डॉक्टरांकडे पाठवते, गेली चार वर्षं. वर म्हणते, राग मानू नका. आता राग मानू नको तर काय हार घालू? पण तिचं ते वाक्य डोक्यातून जाईना. तू नव्या खोलीत स्वतः भिंतीला फळी ठोकलीस आणि कौतुकानं फोटो पाठवलास, तेव्हा मी काय कळवलं होतं? की डावीकडे दोन मिलिमीटर उतरली आहे. त्यानंतर तुझ्याकडून मला एकही फोटो आला नाही. आईला येतात.

तर कप्तान. आठव्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, मरू दे, सगळा रंग उतरवतो आणि पहिल्यापासून करतो. रंग उतरवायचं ते पिवळट पाणी बरणीत ओतलं आणि कप्तानाला त्यात बुडवला. रागाच्या भरात, एका क्षणात. अर्ध्या तासानं काढून जुन्या टूथब्रशनं घासायला घेतला तर वरचा रंग सालीसारखा सुटून आला. मी घासतोय, घासतोय, आणि खाली प्लास्टिक दिसेना. खाली रंगच होता. वेगळा चेहरा होता.

मी दिवा जवळ ओढला. हनुवटीखाली हिरवा, डाव्या गालावर हिरवा, नाकाच्या खालच्या कडेला अगदी केसाएवढा हिरवा, गळपट्टीच्या आत आणि डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला फिकट होत गेलेला. पहिल्यांदा वाटलं, डाग आहे. मग कप्तानाच्या डाव्या हातात काय आहे ते बघितलं. ते मोजणीचं यंत्र, हिरव्या काचेचं, जे तू एका फुटक्या घड्याळाच्या तबकडीपासून बनवलं होतंस. चिंगी, त्या यंत्राचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता. तो खाणीच्या अंधारात उभा राहून आकडा वाचतो आहे आणि त्या आकड्याच्या उजेडात त्याचा चेहरा दिसतो आहे. आणि तो घाबरलेला आहे. भुवया वर गेलेल्या, ओठ जरासे उघडे. चौदाव्या वर्षी तू हे केलंस, कुणी न शिकवता. क्लबातले मिशाळ बुवा आज हेच करायला धडपडतात, आणि त्यांच्या शिपायांनी तोंडाला मेंदी फासल्यासारखं दिसतं. मी बरणी बाजूला सारली, कप्तानाला पाण्यात धुतला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. आईनं विचारलं, काय झालं. मला सांगता आलं नाही.

आता ते सांगतो. तुला माहीतच आहे, पण मी माझ्या तोंडानं कधी कबूल केलेलं नाही. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी तू कप्तानावर वॉर्निश मारलंस आणि म्हणालीस की झाला, आता हात लावायचा नाही. आपल्या घरचा कायदाच होता तो, आणि मीच केलेला, की वॉर्निश मारलं म्हणजे काम संपलं, त्यानंतर ब्रश उचलायचा नाही. दुसऱ्या दिवशी तू अंघोळीला गेलीस. बाराच्या आत काम द्यायचं होतं. मी सहज म्हणून बघायला घेतला आणि मला गालावर हिरवा सांडलेला दिसला. पोरीच्या हातून सांडलं, तिला कळलं नाही, असं वाटलं. तुला विचारायला किती वेळ लागला असता? मोरीच्या दाराशी जाऊन एक हाक. नाही मारली. पंधरा मिनिटांत मी चेहरा स्वच्छ केला, भुवया खाली आणल्या, ओठ मिटवले, आणि कप्तान मोठा करारी दिसायला लागला. मला माझं फार कौतुक वाटलं. तुझं वॉर्निश मध्ये होतं म्हणून आज माझा रंग सुटून आला आणि तुझा टिकला. मी तेव्हा वॉर्निश मारलेल्या कामावर ब्रश चालवतोय हे माझ्या लक्षात आलं होतं. लक्षात येऊनही चालवला.

परीक्षकांनी चेहऱ्याचंच कौतुक केलं. या वयात इतका स्वच्छ हात, असं म्हणाले. तू स्टेजवर उभी होतीस. तू कप्तानाकडे बघितलंस, मग माझ्याकडे. मी टाळ्या वाजवत होतो. घरी आल्यावर तू चषक माझ्या टेबलावर ठेवलास, माझ्या ब्रशांच्या डब्याशेजारी, आणि आत निघून गेलीस. ती गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! की बघा, पोरीनं बक्षीस बापाला देऊन टाकलं, असं प्रेम. सांगताना मला आतून कळत होतं की हे प्रेम नाही. मग तू ब्रश उचलणं बंद केलंस, आणि मी अभ्यास वाढला, वय वाढलं, आवड बदलली, अशी कारणं आईला सांगत राहिलो. तिनं एकदाच विचारलं होतं, तुम्ही तिला काही बोललात का. मी म्हणालो, एक शब्द बोललो नाही. ते अगदी खरं होतं. माझं चुकलं, चिंगी. नुसतं चुकलं नाही, मी तुझं काम पुसलं आणि माझ्या कामावर तुला बक्षीस घ्यायला लावलं.

आता पत्र कशासाठी ते. प्रदर्शन पुढच्याच्या पुढच्या रविवारी आहे, आणि कप्तानासमोर ठेवायचं कार्ड मला त्याआधीच्या शुक्रवारपर्यंत लिहून द्यायचं आहे. नाव, वर्ष, छोटा गट, पहिला क्रमांक. मी ठरवून टाकलं होतं की घड्याळजींना जाऊन सगळं सांगायचं. नियम होता की काम पूर्ण स्वतःच्या हातचं हवं, तो मोडला, तेव्हा बक्षीस परत, आणि रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून मीच हे बोलायचं. दोनदा त्यांच्या दुकानापर्यंत गेलो. दुसऱ्या खेपेला दाराच्या कडीवर हात ठेवला आणि मला एकदम उमगलं. बक्षीस तुझं, नाव तुझं, लोकांच्या तोंडी येणार ते तुझं, आणि मी पुन्हा तुला न विचारता सगळं नीटनेटकं करायला निघालो होतो. तसाच परत आलो. कप्तान तुझ्या टेबलावर ठेवला आहे. खांद्याचा टवका तसाच आहे, तुटकी स्प्रिंगही तशीच आहे, त्या दिवशी धुतल्यानंतर मी पुसलासुद्धा नाही. तू म्हणालीस सांगा, तर मी सांगेन. तू म्हणालीस गप्प बसा, तर मरेपर्यंत गप्प बसेन. तुला तो तिकडे हवा असेल तर कापसात गुंडाळून पाठवतो, आणि तो कुणालाच दाखवायचा नसेल तर घड्याळजींना मी नाही म्हणून कळवतो, कारण विचारलं तरी सांगणार नाही. त्या दिवशी मोरीच्या दाराशी जे विचारायला हवं होतं ते आज विचारतो आहे. काय करू?

हात मागे बांधून बसलेला,
तुझाच,
बाबा