मशीनला प्लीज

बारामती, मंगळवार, १९९९

आज निर्मला मॅडमना पोरांदेखत हसलो. काय गरज होती? माझ्यासारख्याच कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतात, सणसरहून येऊन. इंटरनेटवर प्रोग्रॅमचा कोड शोधायला त्यांना अख्खा प्रश्न लिहायची साइट आवडते. मला आवडते ती नेमके शब्द मागणारी, शब्दांमधे अधिकची, म्हणजे प्लसची, चिन्हं टाकायची. दुपारी सायबर कॅफेत त्यांनी प्रश्नाआधी चक्क 'प्लीज' टाइप केलं.

"मशीनला कसलं प्लीज? अर्ज करताय का?" मी म्हणालो. पोरं खिदळली.

"इचारायचं तर नीट इचारावं, सर," एवढंच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी एकटाच परत गेलो. दोन तारखांमधला फरक काढायचा कोड माझ्या साइटवर काही केल्या मिळेना. शेवटी गुपचूप त्यांची साइट उघडली. लगेच मिळाला. तेवढ्यात विसरलेला डबा न्यायला मॅडमच आत आल्या.

"घावला का कोड? कुठं?"

"माझ्याच साइटवर," मी बोलून गेलो.

पडद्यावर त्यांची साइट तशीच उघडी. वर माझा प्रश्न, आणि त्याच्या आधी प्लीज. हो, मीच लिहिलेलं.

त्यांनी वाचलं. "बरं झालं, सर," म्हणाल्या आणि डबा घेऊन गेल्या.

हसल्या असत्या तर सुटलो असतो.