मागच्या सीटबद्दल थोडेसे

प्रिय मेहुणेबुवा यांस भावोजींचा सप्रेम नमस्कार. आम्ही दोघे ठीक आहोत, निदान हे पत्र लिहायला बसेपर्यंत तरी होतो. तुमचा खोकला बसला का? बसला नसेल तर कोमट पाणी प्या, बसला असेल तरी प्या, कारण खोकल्याचा भरवसा धरू नये. मुलांना आशीर्वाद. ओळी वर चढलेल्या दिसतील, त्याचा दोष डोळ्यांना द्या, शाळेला नको. (शाळा सातवीत सुटली, पण ओळ सरळ ठेवण्यापुरती झाली होती.) फोन सोडून पत्र कशाला, असे तुम्ही म्हणाल. घरातला फोन तुमच्या ताईच्या पर्समध्ये असतो आणि मी बोलायला लागलो की फोनची गरजच पडत नाही, तुमच्या गावापर्यंत तसेच ऐकू जाईल, असे तिचे मत आहे. तेव्हा हे गुपचूप.

मुद्द्याचे आधी लिहितो, नाहीतर राहून जाईल. येत्या रविवारी तुमची ताई तुमच्याकडे स्कूटरवरून येणार आहे. पुलावरून, मोठ्या रस्त्याने. तिला फोन करून सांगा की गाडीने येऊ नकोस. तुमचे ती ऐकेल. (माझे ऐकत नाही असे नाही. पूर्ण ऐकून घेते आणि मग तिला करायचे ते करते.) शिवाय तिला गाडी शिकवली तुम्हीच, तुमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत, मी आत झोपलेलो असताना. म्हणजे निस्तरायचेही तुम्हीच.

तुम्हाला ठाऊक आहे, माझी हयात पाण्याच्या टाकीखाली पंप चालवण्यात गेली. त्या जोरावर लग्न झाल्या झाल्या मी घरातल्या यंत्रांची वाटणी करून टाकली होती. ज्याला किक, दांडा किंवा ग्रीस असेल ते माझे, उरलेले तिचे. या हिशेबाने कुकर, मिक्सर, इस्त्री, शिवणयंत्र आणि पुढे कपडे धुण्याचे मशीन तिच्याकडे गेले आणि माझ्याकडे एक स्कूटर राहिली. तरी घरात यंत्रातला जाणकार म्हणून नाव माझेच होते, यात मला कधी काही वावगे वाटले नाही. मग डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड मारून पाहिला आणि लांबचा ट्रक कोणता व झाड कोणते हे तुम्हाला कळत नाही, तेव्हा गाडी बंद, असे सांगितले. (कळते. ट्रक जवळ येतो.) स्कूटर भंगारात गेली, आणि त्याच सुमारास तुमची ताई तुमच्याकडून शिकून परत आली.

विजेची गाडी घ्यायला आम्ही दोघे दुकानात गेलो. तिथला विक्रेता पोरगेलासा, पण बोलण्यात तयार. त्याने मोटार, बॅटरी, चार्जर हे सगळे मला समजावले. मला त्यातले ओ की ठो कळत नव्हते, पण पंपावर काम केलेल्या माणसाने कळले नाही असे कसे म्हणावे, म्हणून मी मान हलवत राहिलो. तुमची ताई मधून मधून विचारत होती, ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा लागतो, फ्यूज कुठे आहे. प्रश्न तिचा, उत्तर मला, असा तो प्रकार चालला होता. शेवटी तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला आणि म्हणाला, "ताई, रंग कोणता देऊ? लेडीजसाठी गुलाबी छान जातो." त्यावर ती म्हणाली, "रंगाचं यांना विचारा. मला तो फ्यूज दाखवा." मी राखाडी म्हणालो. (राखाडीवर धूळ दिसत नाही. तेवढाच माझा त्या गाडीला हातभार.)

गाडीत खोट एकच, तिला आवाज नाही. यंत्र चालू आहे की बंद हे आवाजावरून समजायचे, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. ही मुकाट उभी असते आणि मुकाट निघते. तुमची ताई म्हणते, घरात अशीही माणसं असतात, त्यांची तुम्हाला इतकी वर्षं सवय आहे.

आता मागे बसण्याविषयी. पुरुषमाणसाने बायकोच्या मागे कसे बसावे हे कुणी शिकवलेले नाही. हात कुठे ठेवायचे हाच पहिला प्रश्न. खांद्यावर ठेवले तर आधार घेतल्यासारखे दिसते, मांडीवर ठेवले तर खड्ड्यात माणूस उडतो. बायका इतकी वर्षे एका बाजूला पाय सोडून, कडेवर मूल आणि हातात पिशवी घेऊन कशा जात होत्या, याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता. (आत्ताही फार करत नाही, कंबर दुखते.) आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाक आहे. त्यावर संध्याकाळी माझे मित्र बसतात, त्यात रिटायर झालेला कंडक्टर. पहिल्या दिवशी आम्ही समोरून गेलो तेव्हा तो बाकावरून ओरडला, "चला, पुढे सरका, मागे जागा आहे." त्या दिवसापासून मी पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावर उतरायला लागलो. तिथून चालत यायचे, हातात काहीतरी भाजी धरून, म्हणजे बाजारातून पायीच आल्यासारखे वाटते.

एकदा गिरणीच्या अलीकडेच वाहने अडली, आणि पाहतो तर कंडक्टर तिथेच टपरीवर चहा पीत उभा. मी काही न बोलता घसरून खाली उतरलो आणि एका टेम्पोच्या आड झालो. वजन माझे किती ते तुम्ही जाणता. गाडी निघाली की नाही हे आवाजावरून कळायची सोय नाही, टेम्पो हलला तेव्हा पाहिले तर तुमची ताई गेलेली. मी घरी पोचलो तेव्हा ती हेल्मेट खुंटीला लावत होती. म्हणाली, बरं झालं तुम्ही हो म्हणालात. कशाला हो? तर रस्त्याने येताना तिने मला म्हणे विचारले होते की गल्लीतल्या बायकांना गाडी शिकवू का, आणि शिकताना मागे वजन लागतं, तर तुम्ही बसाल का. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, म्हणून मी सांगून टाकलं, म्हणाली. मी गाडीवर नव्हतोच असे म्हणावे तर उतरलो कुठे आणि कशासाठी, हे सांगावे लागते. मी म्हणालो, हो, म्हणालो होतो खरा.

तेव्हापासून रोज सकाळी गल्लीमागच्या मैदानात मी वजन आहे. पहिल्या विद्यार्थिनी शिवणवाल्या बाई. हात सफाईदार, पण मशीनची सवय, घाबरल्या की ब्रेकऐवजी पायाने पायडल मारायला जातात. गाडी कुंपणात गेली, मी कुंपणापलीकडे गेलो. खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. बाईंनी त्याच दिवशी माझी फाटलेली पॅंट शिवून दिली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फाडली. दुसऱ्या विद्यार्थिनी कोण असाव्यात? कंडक्टरीणबाई. नवऱ्याला न सांगता आल्या होत्या. पण वळण इतके सुरेख घेतात की मी मागे बसून डोळे उघडे ठेवायला लागलो. एकदा त्या मला घेऊन बाकासमोरून गेल्या. दुसऱ्या दिवशी कंडक्टर स्वतः मैदानात हजर. म्हणाला, "तू उतर. माझ्या बायकोच्या मागे मी बसेन." मी उतरलो. आता तो बसतो, आणि गाडी निघताना दर वेळी बसच्या घंटीसारखे जिभेने दोनदा टक् टक् करतो. त्याशिवाय त्याला बसल्यासारखे वाटत नाही.

आणि मेहुणेबुवा, परवा मी तुमच्या ताईला सहज म्हणालो, त्या दिवशी मी टेम्पोमागे उतरलो होतो, तुला पत्ता नव्हता. ती कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, "मागे माणूस आहे की नाही हे चालवणाऱ्याला कळत नाही होय? उतरलात तेव्हाच कळलं. म्हटलं, हीच वेळ बरी आहे विचारायची." अशी तुमची ताई. तेव्हा तिला रविवारी गाडीने येऊ देऊ नका. पुलावर वारा असतो. आणि बॅटरी मध्येच संपली तर ढकलायला कोण?

वहिनींना नमस्कार सांगा. उत्तर पत्रानेच द्या आणि पाकिटावर माझेच नाव घाला.

तुमचा,
भावोजी

ता. क. पत्र वाचून पाहिले. मुद्दा नीट आलेला नाही. पुलावर वारा काही फार नसतो, आणि बॅटरी जाऊन येऊन उरते, कारण तुमच्याकडे व्हरांड्यात प्लग आहे, हे तिने आधीच विचारून ठेवले आहे म्हणे. शिवाय चालवते चांगली. हे मी तिला म्हटलेले नाही, तुम्हीही सांगू नका.

ता. क. दुसरा. खरी गोष्ट अशी की रविवारी दोन गाड्या निघणार आहेत. कंडक्टरीणबाईंनी नवी घेतली, तिच्यावर त्यांच्या मागे कंडक्टर. तुमच्या ताईच्या मागे शिवणवाल्या बाई, कारण त्यांना मोठ्या रस्त्याची सवय व्हायची आहे आणि परतताना अर्धी वाट त्या चालवणार. मी बसने यावे, असे ठरले. मी म्हटले, मी का बसने? तर तुमची ताई अगदी शांतपणे म्हणाली, बसमध्ये तुमच्या ओळखीचं कुणी नसेल. म्हणून तुम्हाला विनंती की येऊ नकोस असे मुळीच सांगू नका. ये, पण भावोजींना मागे बसवून आण, असे सांगा. शिवणवाल्या बाई वयाने लहान आहेत, बसने मजेत येतील. तुम्ही आपले स्वतःहून सुचल्यासारखे बोला.

ता. क. तिसरा. टपालपेटी मोठ्या रस्त्यापलीकडे आहे, आणि डोळ्यांमुळे मला तो ओलांडता येत नाही. तेव्हा हे पत्र टाकायला तुमची ताईच मला नेते आहे. कुणाला लिहिलं, असे तिने आत्ताच विचारले. मी म्हणालो, वहिनींच्या गुडघ्याची चौकशी केली आहे. त्यावर ती म्हणाली, मग त्यांना हेही लिहा की रविवारी शिवणवाल्या बाईंना जमत नाहीये, मागची सीट मोकळी आहे. आता आठवते, मघाशी हे पत्र टेबलावर उघडेच ठेवून मी चहाला गेलो होतो. असो. वहिनींचा गुडघा कसा आहे ते नक्की कळवा, म्हणजे मी तिच्याशी खोटे बोललो असे होणार नाही.