दोन तांब्यांची अतिवृष्टी

दि. २२ जुलै, मंगळवार
(गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. तुम्हाला माहीत आहे, बाकीच्यांना कळायची गरज नाही.)

ती. राधाकिसन मामांना आणि ती. मामींना दैवशालाचा वाकून नमस्कार.

आम्ही सगळे इथे आहोत. 'सुखरूप आहोत' असं लिहिणार होते, पण पुढे जे लिहायचं आहे ते बघता तो शब्द खोटा पडेल, म्हणून नुसतं 'आहोत' लिहिलं. मामींची शुगर कशी आहे? तुमचा गुडघा? कल्याणदादाने तुमच्या मनगटाला पावलं मोजणारं घड्याळ बांधलंय असं आईकडून कळलं. मामा, तुम्ही किती चालता हे तुम्हाला कळतं ते ठीक, पण तुमच्याशिवाय आणखी कोणाला कळतं हे त्याच्या खोक्यावर कुठेतरी बारीक अक्षरात छापलेलं असेल. भिंग घेऊन वाचा. (माणूस रोज किती वाजता घराबाहेर असतो हे परक्याला सांगायचं, आणि दाराला दोन कुलपं लावायची, हे मला बराबर वाटत नाही.)

फोन सोडून पत्र का, तर त्यालाही कारण आहे. मागच्या महिन्यात मी आणि बेबीनंदा वहिनी पाणी साठवायच्या टाकीबद्दल बोलत होतो. फोन शेजारी नुसता पडलेला होता. संध्याकाळपर्यंत त्यावर टाक्यांच्या जाहिराती सुरू, तीन रंगांत. तेव्हापासून महत्त्वाचं बोलायचं असलं की मी फोन ज्वारीच्या कोठीत ठेवते. वहिनी हसते. पण टाक्यांच्या जाहिराती थांबल्या. (आता पिठाच्या गिरणीच्या येतात.) हे पाकीटही मी कणकेच्या खळीने दोनदा चिकटवणार आहे. फाटलेलं मिळालं तर मला कळवा.

माझा हा स्वभाव आमच्या आजोबांकडून, पुंजाराम अण्णांकडून आलाय, हे तुम्ही आईला नेहमी म्हणता. खोटं नाही. चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. शाळेची भिंत पडेल असा अण्णांना संशय होता. (ती अजून उभी आहे, पण अण्णा म्हणतात, थांबा.) आजोबांनीच ओसरीवर शिकवलं. वाचन वर्तमानपत्रावर आणि गणित विहिरीवर. बातमी वाचून झाली की पहिला प्रश्न ठरलेला, "हे छापून कोणाचं भलं झालं?" त्यामुळे सहा वर्षांची असताना मला मुळाक्षरं सगळी येत नव्हती, पण दोन देश एकदम शांततेची भाषा बोलायला लागले की कुठेतरी बंदुका विकल्या जाऊन राह्यल्यात, एवढं कळत होतं. परवाही तो हवामानाच्या परिषदेचा फोटो आला. जगाचं तापमान दीड अंशाच्या वर जाऊ द्यायचं नाही असं ठरलं म्हणे. अण्णांनी फोटोतली माणसं एकेक करून मोजली आणि म्हणाले, "यातला एकही मे महिन्यात अंबडच्या बसस्टँडवर उभा राह्यलेला न्हाई." मला वाटतं परराष्ट्र धोरणावर याहून जास्त बोलायची गरज नसते.

आता मुख्य गोष्ट. मार्च महिन्यात आमच्या ग्रामपंचायतीच्या आवारात पाऊस मोजायचं यंत्र बसवलं. एक उंच खांब, त्यावर गरगर फिरणाऱ्या वाट्या, आणि खाली कमरेएवढ्या उंचीवर एक नरसाळं, आकाशाकडे तोंड करून. भोवती जाळी, जाळीला फाटक, फाटकाला कुलूप नाही, नुसती तार. पाटीवर लिहिलेलं, छेडछाड केल्यास कायदेशीर कारवाई. डोक्यावर टोपी घातलेला एक माणूस आला होता, त्याला आमच्या चांगुणाबाईंनी (बचत गटाच्या अध्यक्ष, आमच्या मागच्या गल्लीत राहतात, त्यांचा आवाज पुढच्या गल्लीत राहतो) विचारलं, "हे काय करतंय?"

"पाऊस मोजतं मावशी. दर दहा मिनिटांनी."

"अन् पाऊस न्हाई आला तं?"

"तर शून्य."

"मंग त्याला मिशीन कशाला? शून्य तं आमी बी मोजतो."

मी विचारलं, मोजलेलं जातं कुठे? तो म्हणाला, सर्व्हरला. सर्व्हर कुठे आहे? ते त्यानेही पाहिलेलं नव्हतं. मामा, ज्याने स्वतः पाहिलं नाही त्याच्या भरवशावर तो खांब रोवून गेला. मी त्याच दिवशी वहीत नोंद केली.

यंदा जून कोरडा गेला, जुलैही तसाच चाललाय. दिवसाआड एक टँकर येऊन सार्वजनिक विहिरीत पाणी सोडत होता, त्यावर गाव चाललं होतं. मग बायकांनी ठरवलं की पाऊस यावा म्हणून धोंडी काढायची. पोरं अंगाला लिंबाचा पाला बांधून घ्यायला तयार होईनात (लोक फोनमध्ये धरून ठेवतात म्हणून लाजतात, आणि त्यात मी त्यांना दोष देणार नाही). शेवटी आमचे बिभीषण काका तयार झाले. वय बेचाळीस, लग्न झालेलं नाही, त्यामुळे घरात नाही म्हणणारं कोणी नव्हतं. पाल्यात ते एवढे झाकले गेले की म्हैस एकदा मागे लागली. दारोदार बायका एकेक तांब्या पाणी त्यांच्या डोक्यावर ओतत होत्या. पाणी टँकरचंच, घरात जपून ठेवलेलं. पण धोंडीला कोरडं कसं पाठवायचं? दहा घरं काकांनी सोसली. अकराव्याला त्यांना आदल्या दिवसाची सर्दी आठवली आणि ते पळाले, ते थेट ग्रामपंचायतीच्या आवारात, तार काढून जाळीच्या आत, आणि यंत्राच्या नरसाळ्याखाली उकिडवे बसले. मागोमाग बायका. पुढचं मी पाहिलं, पण गर्दी एवढी होती की कोणाचा तांब्या काकांवर पडला आणि कोणाचा नाही, हे त्या वेळी सांगणं अवघड होतं. एवढं खरं की यंत्र ओलं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच रामकिसनभाऊंच्या फोनवर संदेश आला. आमच्या गावात ६६.८ मिलिमीटर पाऊस, म्हणजे अतिवृष्टी. नागरिकांनी नदीपात्रात जाऊ नये. (नदीपात्रात सध्या क्रिकेटचे सामने चालू आहेत.) मी खात्री करावी म्हणून फोनातल्या त्या बोलक्या मदतनिसाला विचारलं. तो म्हणाला, तुमच्या भागात समाधानकारक पाऊस झाला आहे, छत्री सोबत ठेवा. किती गोड बोलतो मामा! एवढं गोड आपल्याशी कोणी उगीच बोलत नाही.

आणि त्या दिवसापासून टँकर बंद. अतिवृष्टी झालेल्या गावाला टँकर कसा देणार, हे कचेरीचं म्हणणं कागदावर बिलकुल बरोबर आहे. कागदावर आम्ही भिजलेलो आहोत. उलट तिसऱ्या दिवशी नुकसानीची पाहणी करायला तलाठी आले, तेही पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून. आमच्या गल्लीतून परत जाईपर्यंत ते बूट धुळीने पांढरे झाले होते. त्यांनी बुटांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं आणि विचारलं, "पाणी ओसरलं का?"

चंद्रावर यान पाठवून पाणी शोधणाऱ्यांचं मला पूर्वी काही वाटत नव्हतं. आता वाटतं की त्यांचा आकडा बरोबर आला, कारण तिथे तांब्या घेऊन कोणी चांगुणाबाई नव्हत्या.

मग पारावर सभा झाली. लोकांनी आपापले संशय मांडले. एक म्हणाला शेजारच्या देशाने आपले ढग वळवले आणि यंत्रात आकडा सोडला. एकाचं म्हणणं, उपग्रहाला आपलं गाव आणि त्याच नावाचं कोकणातलं गाव यांत फरक कळला नाही. (हे मला थोडं पटलं.) सरपंच म्हणाले, "सरकार म्हणून राह्यलंय पाऊस पडला, तं पडला. आपण कशाला न्हाई म्हणा? माझी मागची भिंत बी पडलेली हाय, तेवढी लिहून घ्या." ती भिंत तीन वर्षांपूर्वी पडली. त्यावर चांगुणाबाई उठल्या. "भाऊ, तुमच्या घरी बोअर हाय. तुमाला दुष्काळ बी चालतो अन् पूर बी चालतो. आमच्या डोक्यावर हंडे हायेत." सगळ्या बायका हसल्या, सरपंच बसले.

शेवटी ठरलं की यंत्र बिघडलेलं आहे असा अर्ज द्यायचा. अक्षर चांगलं म्हणून लिहायचं माझ्याकडे आलं. मी म्हटलं, "पण यंत्र बिघडलेलं नाही." धोंडीत असलेल्या साऱ्या बायकांनी कोणालाही काही सांगायचं नाही असं आधीच मारुतीसमोर ठरवलं होतं, कारण ती कायदेशीर कारवाईची पाटी. चांगुणाबाईंनी मला बाजूला घेतलं. "अगं पोरी, मिशीनला काय लेकरंबाळं हायेत का? त्याच्यावर ढकललं तं कोण रडणार हाय?"

पण दुसऱ्या दिवशी मी दोरी घेऊन गेले आणि नरसाळ्याचं तोंड मोजलं. आरपार वीस सेंटिमीटर. अण्णांनी शिकवलेल्या विहिरीच्या रीतीने हिशेब केला, तर एक लिटर पाणी म्हणजे जवळजवळ बत्तीस मिलिमीटर पाऊस. म्हणजे ६६.८ ला दोन लिटर शंभर मिली. म्हणजे दोन तांबे. एक मोठा, एक लहान. अख्ख्या गावाची अतिवृष्टी दोन तांब्यांत झाली, आणि यंत्राने ती थेंबाथेंबाने खरी सांगितली! ज्या यंत्राचा मला पहिल्या दिवसापासून संशय, त्याच्या बाजूने साऱ्या गावात आज मी एकटी आहे. पुन्हा पाऊस मोजायची वेळ येईल तेव्हा 'हे तर बिघडलेलंच आहे' असं म्हणायला आम्हीच कचेरीला शिकवणार का? आणि खरं लिहावं तर कारवाई कोणावर? इकडे बेबीनंदा वहिनीला सातवा महिना लागलाय आणि ती दीड किलोमीटरवरच्या मळ्यातून हंडा आणते. मी दोन खेपा जास्त करते, तिला नको म्हणते, ती ऐकत नाही. तिचा हंडा दारात टेकला की मला जेवण जात नाही.

बाकी ठीक. मोठ्यांना नमस्कार, लहानांना गोड पापा. उत्तर कागदावरच द्यावं.

तुमची भाची,
दैवशाला

ता. क. : मुख्य काम राहिलं. तुम्ही तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली. खरंही सांगितलं जाईल, टँकरही येईल आणि पोलीसही येणार नाहीत, असं वाक्य असतं का? असलं तर शुक्रवारच्या आत पाठवा.

ता. क. २ : वर मी लिहिलंय की कोणाचा तांब्या कुठे पडला हे सांगणं अवघड होतं. ते खोटं आहे. वाक्य खोडलं तर तुम्हाला संशय आला असता, म्हणून इथे लिहिते. लहान तांब्या माझा होता. आणि तो गर्दीत सांडला नाही. काका मागच्या बाजूने निघून गेले होते, बायका त्यांच्यामागे, मी एकटी उरले. मनात आलं, हे खरंच मोजतं की नुसतं उभं राहून सरकारला फसवतंय, बघू तरी. म्हणून सगळा तांब्या ओतला. तो नसता तर आकडा चाळिसाच्या खाली राहिला असता आणि कोणी त्याला अतिवृष्टी म्हटलं नसतं. मी हे अजून आईलाही सांगितलेलं नाही.

ता. क. ३ (शनिवार) : पाकीट चिकटवलं होतं, पण पेटीत टाकायचं राहिलं, ते मीच फोडलं. पत्र पोचून तुमचं उत्तर येईपर्यंत धीर निघाला नाही. काल वहिनी बांधावर हंड्यासकट बसली. तिला काही झालं नाही, नुसती चक्कर, पण तिला घरी पोचवून मी तशीच बस धरून तालुक्याच्या कचेरीत गेले. पिशवीत दोन अर्ज होते, गावाचा आणि माझा. माझाच दिला. साहेबांनी उभ्यानेच वाचला. विचारलं, "किती तांबे?" मी म्हटलं, दोन. त्यांनी कॅल्क्युलेटरवर आकडे दाबले, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे." कारवाईचं विचारलं तर म्हणाले, तांब्यासाठी अर्जात रकाना नाही. आज सकाळी टँकर आला. फाटकाला आता कुलूप आहे. (एका सरकारी माणसाने पहिल्या झटक्यात माझ्यावर विश्वास ठेवला, हे मला बिलकुल आवडलेलं नाही. ते मूळचे कुठले, तेवढी चौकशी करा.)

पण मामा, त्या अर्जात एक गोष्ट खरी नाही. दोन्ही तांबे मी माझ्याच नावावर लिहिले. आयुष्यातलं पहिलं सही केलेलं खोटं आहे, त्याचं काय करायचं ते तुम्ही सांगा. अर्जाची बातमी टँकरबरोबरच गावात पोचली, आणि आज विहिरीवर चांगुणाबाईंनी सगळ्यांसमोर मला झाप झाप झापलं, "शिकलेली पोरगी अन् गावाचं पाणी तोडलंस!" आणि मी मान खाली घालून ऐकलं. त्यांचा तांब्या पितळी, सव्वा लिटरचा, आणि तो कुठे रिकामा झाला हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना मात्र खरोखर वाटतं की तो बिभीषण काकांच्या डोक्यावर पडला. हिशेब मला येतो, त्यांना येत नाही, आणि त्यांना शिकवायची मला घाई नाही.