लाइट गेली तरी वाजणारी गिटार

जळगाव,
मेचा दुसरा आठवडा

तीर्थरूप समाधानदादास, धाकट्या प्रज्ञाचा सप्रेम जय भीम.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचं पित्त कसं आहे? देवपूरला नळाला पाणी येत असेल अशी आशा करते. आम्ही ठीक आहोत, म्हणजे ऊन जेवढं ठीक राहू देतं तेवढे. (हितेंद्र म्हणाले, पत्र कशाला, फोन कर. फोनवर तू मध्ये बोलतोस, म्हणून पत्र.)

तर ती बेस गिटार. आमच्या विहारातल्या महिला गायन मंडळाकडे पेटी आहे, ढोलकी आहे, खालचा भरीव सूर तेवढा नाही, असं मी सहज बोलून गेले आणि तू सल्ला दिलास. विजेवरची घेऊ नकोस, ऐन कार्यक्रमात लाइट जाते. अकूस्टिक घे, नुसत्या लाकडावर वाजते, आणि स्वस्तातलीही चालते. घेतली. खोकं आलं तेव्हा शेजारच्या भूमिकाला वाटलं, आम्ही कपाट मागवलं. मांडीवर घेतली की माझी हनुवटी तिच्यावर टेकते, आणि हात तारांपर्यंत न्यायचा तर आधी तिला मिठी मारावी लागते. त्यात तारा चारच. येणारा-जाणारा तारा मोजतो आणि उरलेल्या दोन कुठे गेल्या ते विचारतो. (आधी मी समजावून सांगायचे. आता ‘मागून येताहेत’ एवढंच सांगते.)

वाजते हे तू सांगितलंस, लावावी लागते हे नाही सांगितलंस. तारा दांड्यापासून इतक्या उंच होत्या की एकेक दाबायला दोन्ही हातांचा जोर लागे. बोटं सोलली, शाळेत फळ्यावर लिहिताना खडू टोचायचा. आतला स्क्रू फिरव म्हणालास. फिरवला, तर तारा आणखी वर गेल्या. उलटा फिरवला, तर प्रत्येक सुरामागे भुंगा गुणगुणू लागला. मग हितेंद्रांनी शोध लावला की ती कूलरसमोर ठेवल्यामुळे लाकूड फुगतंय. तिला आतल्या खोलीत हलवली, आणि मीही सरावाला तिच्याबरोबर आत, बिनकूलरची. शेवटी तारा ज्या पांढऱ्या पट्टीवर टेकतात ती काढून पॉलिशपेपरवर घासली. जरा जास्तच घासली गेली. आता तिच्याखाली हितेंद्रांच्या व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा आहे. वाजते मात्र छान, हे कबूल करायचा मला कंटाळा येतो.

एवढं करून विहारात नेली. रिक्षात ती बसली, मी अर्धी बाहेर. ढोलकी सुरू झाली आणि दादा, माझ्या गिटारचा आवाज मलाच ऐकू येईना. मी जोर लावला, सोललेली बोटं पुन्हा सोलली. गाणं संपल्यावर आमच्या प्रमुख दिपमालाताई अगदी मायेनं म्हणाल्या, “प्रज्ञा, तू वाजवत होतीस, की नुसती धरून बसली होतीस?” चहा घेतला आणि घरी आले.

घरी आले तेव्हा आई दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचं कानातलं यंत्र तिनं पुन्हा काढून ठेवलं होतं; म्हणते, त्यातून फक्त भांडी ऐकू येतात. मी तिच्याशी बोलते ते सगळं ओरडून. जेव ओरडून, झोप ओरडून. शेजारच्यांना वाटत असेल, आमचं रोज भांडण होतं. मी दमून दिवाणाच्या कडेला बसले, गिटार त्याच्याच फळीवर टेकवली आणि कुठं चुकलं ते बघायला सगळ्यात जाड तार छेडली. आई वळली.

“काय वाजी राह्यनं?”

मी ओरडून सांगायला तोंड उघडलं, मग नुसतीच तार पुन्हा छेडली. ती उठून बसली, गिटारच्या पाठीवर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला.

“मना पोटमा वाजी राह्यनं,” म्हणाली. “थांबू नको.”

आणि मग गायली. जयंतीला गायची तो पाळणा. पहिल्या ओळीत सूर हलला, दुसरीत सापडला. आपल्या आईचा गाता आवाज मी किती वर्षांनी ऐकला ते आठवत बसले नाही, कारण बोट चुकलं असतं. हितेंद्र दारातच उभे राहिले, पिशवी हातात तशीच.

आता रोज संध्याकाळी हेच. मी कामं आवरून येते, ती उशी बाजूला सारून तयार असते. मला चारच सूर येतात आणि तिला बत्तीस गाणी. खरंच दमते मी, दादा.

वहिनींना जय भीम.

तुझी
प्रज्ञा

ता. क. पुढच्या महिन्यापासून आईची पाळी तुझ्याकडे. देवपूरला कधी निघायचं, असं तिला विचारलं. तिनं विचारलं, “समाधान वाजाडस का?” मी मान हलवून नाही म्हटलं. तिनं बांधलेलं बोचकं सोडलं.

ता. क. २ गेल्या फोनवर तू म्हणाला होतास की तुमच्या धुळ्यात गिटारचा एक क्लास आहे, तूही शिकून घेतोस. तुझा गुडघा, वहिनींचं पित्त, सगळा विचार करता माझी एवढीच विनंती आहे की घाई करू नकोस. आणि शिकलासच, तर आधी मला सांग. आईला नको.