भोंग्याला लावलेली गिटार

बरखेडा, भोपाळ
पोळा

प्रिय शांत्या,

घरात फोन असताना या म्हाताऱ्याला शाई खर्चायची हौस कुठून आली, म्हणशील. पण तू फोनवर येतोस, एखादा शब्द अडखळतो आणि लगेच रिसीव्हर विजयावहिनींच्या हातात देऊन निघून जातोस. परवाही तेच. त्या बिचाऱ्या सांगत होत्या, झोप लागलीय त्यांना, आणि मागे तुझं खोकणं मला स्वच्छ ऐकू येत होतं. म्हणून लिहितोय. आधी मुद्दा सांगतो. आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पाचव्या दिवशी आपलं वादन आहे, असं वासंतीबाईंनी मंडपाच्या फळ्यावर लिहूनसुद्धा टाकलंय. सेक्रेटरी झाल्यापासून त्या कुणाचं ऐकत नाहीत. ‘सदाशिव आणि शांताराम, गिटार.’ मला विचारलं तेव्हा माझ्या तोंडून हो निघून गेलं, आणि तेव्हापासून जिवाला नुसता घोर लागलाय. मंदा म्हणते, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे काय फेऱ्या मारताय!

इकडची खबर म्हणशील तर वसाहत ओसरत चाललीय. मुलगा कारखान्यात लागला म्हणून आमचं क्वार्टर टिकलं, पण तुझ्या ब्लॉकला निम्म्या दारांवर कुलपं आहेत आणि तुझ्या बाल्कनीत पिंपळ उगवलाय. भोंगा मात्र अजून वाजतो. अगदी तोच सूर. तो ऐकला की माझा हात आपोआप गिटारच्या खुंटीकडे जातो. आठवतं ना, आपल्याकडे पेटी नव्हती, पियानो तर स्वप्नातही नव्हता, म्हणून आपण सकाळच्या भोंग्यावर पाचवी तार लावायचो आणि बाकीच्या तिच्यावरून? वर्षानुवर्षं! जगातले सगळे सूर कारखान्याच्या भोंग्यापासून सुरू होतात अशीच आपली समजूत. आणि मग ती मुंबई. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये बोलावलं, आपण पँटला कडक इस्त्री करून बसलो, पियानोवाल्याने पहिला सूर दिला आणि आपल्या दोन्ही गिटारी त्याच्यापेक्षा चढ्या. तो बिचारा थांबून बघायला लागला. लोक हसले. घाईघाईत तार उतरवताना तुझी तटकन तुटली, आणि त्याही परिस्थितीत तू माझ्या कानात म्हणालास की यांचा पियानो सेकंड शिफ्टचा दिसतोय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी हसू आवरेना.

आपल्याला दोष तरी कोण देणार? शिकवलं ते रेल्वेतल्या डिकॉस्टा साहेबांनी, तेही रेकॉर्डी लावून. गाणं एकदा सरळ सांगायचं, मग ते सोडून हवं तिकडे भटकायचं आणि शेवटी दोघांनी एकदमच घरी यायचं. जॅझ म्हणजे एवढंच, म्हणायचे. आपण भटकलोही मनसोक्त! दिवसभर कारखान्याच्या वाइंडिंग खात्यात तांब्याच्या तारा गुंडाळायच्या आणि संध्याकाळी पोलादाच्या छेडायच्या. ऑफिसर्स क्लबचा न्यू इयर, बैरागढच्या शादीबाराती, इंदूरचं हॉटेल. आणि दर वर्षी मंडळाचा गणपती, जिथे पहिल्या रांगेतल्या मावश्या अर्धा तास ऐकून विचारायच्या, लावून झालं असेल तर सुरू करा आता. मुंबईच्या एका बँडने आपल्या दोघांना बोलावलं होतं तेव्हा तू गेलाही असतास. मी क्वार्टर, पेन्शन, पोरांची शाळा करत बसलो आणि तू माझ्यासाठी थांबलास. लोक म्हणायचे, शांताराम वाजवतो आणि सदाशिव त्याला धरून असतो. खरंच होतं ते. तू पुढे पळायचास, मी मागून साथ सांभाळायचो. तुझ्याकडे बघावंही लागायचं नाही. वळायच्या आधी तू नाकाने जोरात श्वास घ्यायचास, तो ऐकला की मी सूर बदलायचो. हे गुपित आपण डिकॉस्टा साहेबांनाही सांगितलं नाही.

अर्धांगाच्या झटक्याने तुझा उजवा हात गेला तेव्हा दवाखान्यात मी तुझ्या उशाशी बसून तेच ऐकत होतो, तुझा श्वास. तुला लेकीकडे नागपूरला नेलं, आणि मी आपली गिटार खोळीत घालून कपाटावर ठेवली. त्यानंतर मंडळाने दर वर्षी विचारलं. मी कधी सर्दी सांगितली, कधी तार तुटली सांगितलं. एकट्याने काय वाजवायचं होतं? वहिनी म्हणाल्या, तू दिवसभर खिडकीशी बसतोस, डाव्या हाताची बोटं मात्र मांडीवर चालू असतात. हे त्यांनी सहज सांगितलं. पण मला त्या रात्री झोप आली नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते सांगतो. मंदाशिवाय कुणाला ठाऊक नाही. शांत्या, माझा डावा हात गेलाय रे. परवा बिट्टन मार्केटात पिशवी हातातून सुटली आणि टोमॅटो रस्ताभर झाले. शर्टाची बटणं मंदा लावते. नस दबलीय, डॉक्टर म्हणतो, या वयात चिरफाड नको. तार दाबायला जातो तर बोटं दुसऱ्याचीच असल्यासारखी पडून राहतात. उजवा ठणठणीत आहे, अक्षर बघतोसच. वासंतीबाईंनी विचारलं तेव्हा नाही म्हणणार होतो, आणि एकदम तुझी ती मांडीवरची बोटं डोळ्यांपुढे आली. घरी येऊन मंदाला डावीकडे बसवलं, गिटार दोघांच्या मांडीवर आडवी घेतली, तिला म्हटलं तू पट्टीवर दाब, मी छेडतो. ती म्हणाली यापेक्षा भेंडी चिरणं सोपं. पण सूर निघाला शांत्या, शपथ! मग मी दोनदा बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आलो. तू डावीकडे बस, नेहमीसारखा. तुझा उजवा आणि माझा डावा, दोन्ही बिनकामाचे मध्ये गप्प बसतील. गिटार मी उतरवलीय, खुंट्या उजव्या हाताने पिळून भोंग्यालाच लावलीय. लोक हसतील कदाचित. हसू देत, मुंबईला काय कमी हसले? बोलायचं तर अजिबात नाही तुला. फक्त वळायच्या आधी श्वास घे, मी तिथेच असेन. लेकीने तिकीट काढलं की वहिनींना एक फोन करायला सांग, मी स्टेशनवर येतो. मला फार भीती वाटतेय, तू नाही म्हणशील याची. ये रे.

तुझाच, अजून उजवीकडेच बसलेला,
सदा