नाव शेवटी

३ फेब्रुवारी, सोमवार

झालं! शेवटची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरली. संपता संपता टेप तुटली. पण काम करून तुटली, तक्रार नाही.

बाबा टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. दुरुस्त झालेलं मशीन एक दिवस घरी आणायचे आणि घरात जे काही चाललं असेल ते रेकॉर्ड करून बघायचे. मशीन गिऱ्हाइकाकडे जायचं, कॅसेट आमच्याकडे राहायची. त्यामुळे आमच्या घरात कोण कधी शिंकलं याचासुद्धा पुरावा आहे. प्रत्येक रेकॉर्डिंगला बाबा स्वतःच्या तोंडानं नाव द्यायचे, तेवढंच. बाकी वेळ गप्प. मशीन चालू असलं की श्वाससुद्धा जपून घ्यायचे.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी आईची नजर गेली. तिच्यासाठी बोलणारा प्लेअर आणलाय. बटण दाबलं की फाईलचं नाव वाचून दाखवतो, दुसरं बटण दाबलं की ती फाईल लावतो. पण सध्या फाईलींना नावंच नाहीत, नुसते आकडे. आईची अट एकच: "मला हवं ते माझं मला लावता आलं पाहिजे. दर वेळी तुला हाका मारायच्या नाहीत."

हाक मारावी लागते म्हणून ती हल्ली काही मागतच नाही. तहान लागली तरी बसून राहते. जिनं सगळं घर नाचवलं ती बाई! मला ते बघवत नाही.

४ फेब्रुवारी

दादा परगावी कॉम्प्युटरचं काम करतो; त्यानं तिकडून प्रोग्राम लिहून पाठवला. बाबांचा आवाज मशीनच्या अगदी जवळून, मोठा येतो. तो आला की प्रोग्राम तिथे टेप कापणार, बाबा जे बोलले ते फाईलचं नाव म्हणून लिहिणार, आणि तेवढं बोलणं फाईलमधून काढून टाकणार, म्हणजे नाव दोनदा ऐकायला नको. मी फक्त एक बटण दाबायचं.

दाबलं. चहा पिऊन येईपर्यंत सगळ्या फाईलींना नावं! मी स्वतःवरच खूश. कॉम्प्युटर भरला म्हणून कुरकुरत होता, तेव्हा लगेच मूळ लांबलचक फाईली पुसल्या. झिजून तुटायला आलेल्या कॅसेटची पेटी भंगारवाल्याला दिली.

६ फेब्रुवारी

फजिती!

आईनं प्लेअर घेतला. त्यातली बाई ठणठणीत आवाजात म्हणाली, "दूधवाल्याशी भांडण." आई सरसावून बसली, आणि आतून कोण? पाच वर्षांची मी, बोबडे पाढे म्हणतेय. मग बाई म्हणाली, "धाकटीचे पाढे." आतून शिवणाचं मशीन. "शिवणाचं मशीन" लावलं तर दादा गुळण्या करतोय.

आई डोळे पुसत हसत होती. "दूधवाला हुशार निघाला गं. उगाच भांडले त्याच्याशी."

किती दिवसांनी हसली अशी. पण नंतर म्हणाली, "म्हणजे मला तुलाच विचारावं लागणार, कशात काय आहे ते." आणि प्लेअर हळूच बाजूला ठेवला.

७ फेब्रुवारी

दादाला फोन.
"तू भलतंच काहीतरी दाबलं असशील."
"दाबायला एकच बटण दिलंयस तू!"
"मग तेच चुकीचं दाबलं असशील."

याला देवानं बुद्धी दिली, पण वाटताना बाकीचं काही शिल्लक ठेवलं नाही.

दुपारी ऑफिसातून लवकर निघाले आणि बसले शोधायला. एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक कॅसेटमधली पहिली फाईल बिननावाची. आणि शेवटच्या फाईलला नाव आहे, पण आत काहीच नाही. टेप दोन्ही टोकांना खराब झाली म्हणावं, तर प्रत्येकच कशी होईल?

८ फेब्रुवारी, शनिवार

सुटलं! आणि सोडवलं कुणी? आईनं! धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता. मी दोन टोकांचं रडगाणं गात होते. ती मोज्याची जोडी जुळवत म्हणाली, "अगं, पण ते नाव आधी कुठे सांगायचे? आधी काय होणार ते कुणाला ठाऊक? सगळं झालं की मशीनशी वाकून सांगायचे."

हातातली उशीच फेकली मी. नाव शेवटी! जगात सगळे आधी नाव सांगतात, आमचे बाबा शेवटी. आणि प्रोग्राम बिचारा प्रत्येक नाव पुढच्याच्या गळ्यात बांधत बसला. सगळी नावं एकेक घर मागे सरकवायची, संपलं!

दादाला कळवलं. त्याचं उत्तर: "आईला माझ्या ऑफिसात नोकरी देतो."

९ फेब्रुवारी

सरकवली. दूधवाला दूधवाल्याच्या जागी. भांडणात आईचा आवाज असा खणखणीत की मी प्लेअरचा आवाज कमी केला. आई म्हणाली, "वाढव, वाढव. मला ऐकू दे मी काय काय म्हणाले ते."

दिवसभर स्वतःच लावत होती. एकही हाक नाही. मी स्वयंपाकघरात उगाचच गुणगुणत होते.

संध्याकाळी मात्र हाक आली.
"हे यात कुठेच नाहीत का गं?"
"कोण?"
"तुझे बाबा. नावं ही बाई सांगते. यांना कुठे ठेवलंस?"

बाबा कॅसेटमध्ये फक्त नावापुरतेच बोलायचे. आणि ती नावंच आम्ही कापून टाकली. मूळ फाईली मी पुसल्या. कॅसेट भंगारात. आईला म्हटलं, "बघते." ती म्हणाली, "नसेल तर राहू दे. काही अडत नाही." तिचं हे "काही अडत नाही" मी चांगलं ओळखते. खोलीत येऊन मी रडले.

१० फेब्रुवारी

रजा टाकली. भंगारवाल्याकडे गेले. पेटी केव्हाच पुढे गेली होती.

दादाला फोन केला. आज टोमणा नाही. म्हणाला, "थांब. मी कापलेलं कधीच फेकत नाही. प्रोग्राम कुठेतरी साठवत असेल. कचरा नावाचं फोल्डर बघ."

होतं. गच्च भरलेलं. पहिलीच फाईल उघडली.

"दूधवाल्याशी भांडण. ही जिंकली."

बाबा! थोडे दमलेले, थोडे हसू दाबणारे. मी दादाला फोनवर ऐकवलं. कॉम्प्युटरवाला साहेब नाक ओढत होता. सर्दी झालीय म्हणे.

आणि बघा, प्रोग्रामनं "ही जिंकली" लिहिलंच नव्हतं. पहिलं वाक्य घेतलं, पुढचं सोडलं. प्रत्येक नावापाठी असं एकेक शेपूट आहे. "धाकटीचे पाढे. सातनंतर बोंब." "शिवणाचं मशीन. माझाच सदरा आहे." "मोठ्याच्या गुळण्या. आता पुरे रे."

११ फेब्रुवारी

या प्लेअरमध्ये एक सोय आहे. त्या बाईऐवजी आपल्या आवाजातलं नाव जोडता येतं. दादा आणि मी दोन्हीकडून जोडत बसलो. या खेपेला मी सगळ्याची नक्कल काढून ठेवली. दोन ठिकाणी. दादा म्हणाला तीन कर. केली.

१२ फेब्रुवारी

काही न सांगता प्लेअर आईच्या हातात दिला. तिनं बटण दाबलं.

"ही गाणं म्हणते. मी आहे हे हिला माहीत नाही."

आईनं तेच बटण पुन्हा दाबलं. पुन्हा. गाणं लावलंच नाही. मी पाणी आणून दिलं, तेही नको म्हणाली. मला वाटलं चुकलंच माझं. जखमेवर बोट ठेवलं मी.

१३ फेब्रुवारी

ऑफिसातून आले. आईच्या खोलीचं दार लोटलेलं. आतून बाबा: "ही माझ्यावर रागावते. कारण कळलं नाही."

आणि आई: "अजून कळलं नाही? सांगते, बसा."

मी हाक मारली. आतून उत्तर आलं, "नंतर ये गं. आमचं बोलणं चाललंय."