बाबांच्या दोन बहिणी

गुरुग्राम, मंगळवार संध्याकाळ

आनुवंशिक कॅन्सरवर संशोधन करणारी मी, रोज पेशंटना दटावते की आईकडचंच सांगू नका, वडिलांकडच्या बायकाही आठवा. आणि मी?

आज विद्यार्थ्यांना वंशवृक्ष शिकवायचा होता. निरोगी घराचा नमुना म्हणून फळ्यावर आमचंच घर काढलं. बायकांची वर्तुळं, आजारी असेल ते काळं करायचं. दोन्ही आत्या मी जन्मायच्या आधीच गेलेल्या, त्यांची वर्तुळं कोरी ठेवली. मधल्या सुट्टीत नावं विचारायला फरीदाबादला बाबांना फोन लावला.

"शकुंतला आणि कुमुद. शकूच्या पोटात पाणी झालं, कुमूच्या छातीत गाठ. चाळिशीही गाठली नाही गं दोघींनी."

"बाबा, हे कधी बोलला नाहीत!"

"तू विचारलंस कधी?"

पोटात पाणी. म्हणजे बहुतेक अंडाशयाचा कॅन्सर, आणि दुसरीला स्तनाचा. परत येऊन दोन्ही वर्तुळं काळी केली. त्यांच्या शेजारी बाबा, खाली मी.

एका मुलीने विचारलं, "मॅम, आपके नीचे कोई है?"

आहे ना. माझी ईरा. तिचं वर्तुळ काढलं, कोरं.

आत्यांचीही तासाभरापूर्वी कोरीच होती.